अण्णासाहेब किर्लोस्करांची पदे ध्वनिमुद्रणांत कशी शोधावी : नवख्यांसाठी वाटाड्या

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात एका वर्षी 'किर्लोस्करांची नाट्यपदे' असा तासाभराचा कार्यक्रम मी बसवला. जुन्या रेकॉर्डी वाजवायच्या आणि अधूनमधून माहिती सांगायची, एवढेच. 'नाथ हा माझा' वाजवताना मी मोठ्या रुबाबात सांगून टाकले, "सौभद्रातली रुक्मिणी कृष्णाबद्दल म्हणते…" कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत आले. म्हणाले, "बाळ, ती रुक्मिणी स्वयंवरातली. खाडिलकरांची. किर्लोस्कर जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती." कान लाल होणे म्हणजे काय ते त्या दिवशी कळले.

त्यानंतर दोन-तीन वर्षे मी हाच उद्योग केला. किर्लोस्करांचे कोणते पद कुणी गायले, कोणत्या तबकडीवर आले आणि आज कुठे ऐकायला मिळते, याची वही तयार केली. त्यात ज्या चुका केल्या त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या

किर्लोस्करांच्या आवाजातली एकही रेकॉर्ड नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नका. संगीत नाटककार बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३चा आणि मृत्यू १८८५चा. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ साली निघाला होता खरा, पण ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन कलकत्त्यात उतरला तो १९०२च्या अखेरीस. म्हणजे अण्णासाहेब जाऊन सतरा वर्षे झाल्यावर. अण्णासाहेबांची शकुंतला आणि सुभद्रा ज्यांनी गाजवली ते भाऊराव कोल्हटकरही १९०१ मध्येच गेले होते. 'भावड्या'चा आवाज थोडक्यात हुकला, ही हळहळ जुन्या रसिकांना जन्मभर पुरली.

म्हणून 'किर्लोस्करांचे ध्वनिमुद्रित काम' म्हणजे त्यांची पदे, पण दुसऱ्यांच्या गळ्यातली. त्यातही बहुतेक गळे पुढच्या पिढीचे, काही तर त्याच्याही पुढच्या पिढीचे. इथूनच शोधाची दिशा ठरते. सुरुवात नाटकाच्या पुस्तकापासून करा. तबकडीकडे नंतर वळा. मी उलट केले आणि आजोबांच्या तावडीत सापडलो.

जवळ काय काय लागेल

- 'संगीत शाकुंतल', 'संगीत सौभद्र' आणि 'रामराज्यवियोग' या तिन्ही नाटकांची पुस्तके, पदांसह. जितकी जुनी आवृत्ती मिळेल तितकी बरी.
- आडवी लांब वही किंवा संगणकावरचा तक्ता.
- बरा हेडफोन. फोनच्या स्पीकरवर जुन्या रेकॉर्डीतले शब्द लागत नाहीत.
- पेटी किंवा फोनवरचा सूर दाखवणारा ट्यूनर. कशासाठी, ते पाचव्या पायरीत येईल.
- तबकड्या विकत घेणार असाल तर छोटी विजेरी, भिंग आणि मऊ सुती कापड.
- नाट्यसंगीत मन लावून ऐकलेला, सत्तरीच्या पुढचा एखादा माणूस. ही वस्तू बाजारात मिळत नाही. मिळाली तर तिला दुपारच्या चहाला बोलवत जा.

१. पुस्तकातून पदांची यादी करा

अण्णासाहेबांची संगीत नाटके तीनच. 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. तेव्हा त्याचे पहिले चारच अंक झाले होते. 'सौभद्र' १८८२चे आणि 'रामराज्यवियोग' १८८४चे. हे तिसरे नाटक अपुरेच राहिले. शाकुंतलात पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते. आजच्या माणसाला हा आकडा छापखान्याची चूक वाटतो. पण तेव्हा संवादाचे कितीतरी कामही पद्यातूनच चाले. साकी, दिंडी, आर्या, कामदा, अंजनीगीत अशा छंद-वृत्तांतले छोटे छोटे तुकडे एकापाठोपाठ येत.

जुनी पुस्तके मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवरही आहेत. पुस्तक हाती आले की प्रत्येक पदासाठी चार गोष्टी लिहून घ्या : पहिली ओळ, अंक, म्हणणारे पात्र आणि पदाच्या डोक्यावर छापलेली 'चाल'.

ही चाल वगळू नका. मी पहिल्या फेरीत वगळली आणि मग सगळी वही पुन्हा लिहावी लागली. किर्लोस्कर बेळगावकडचे, जन्म गुर्लहोसूरचा. मराठीइतकेच कानडी संगीत कानावरून गेलेले. त्यांनी कानडी पदांच्या, लावण्यांच्या, कीर्तनातल्या चाली उचलल्या आणि त्यांवर आपले शब्द बसवले. पुस्तकात पदावर अमक्या पदाची 'चाल' म्हणून जी ओळ छापलेली असते, ती त्या काळच्या वाचकाला स्वरलेखनासारखीच होती. पुढे तबकडीवर एखादा राग लिहिलेला दिसला की पुस्तकातल्या चालीशी ताडून बघता येते.

२. सगळी पदे शोधू नका

यादी झाली की उत्साहाच्या भरात शाकुंतलातल्या प्रत्येक साकीची रेकॉर्ड शोधायला बसाल. मीही बसलो होतो. महिनाभराने हाती काही नाही.

कारण साधे आहे. तबकडी विकायची असते. "हा पहा रथ आला, घोडे दमले" अशा कामचलाऊ पद्यावर कोण पैसे टाकणार? ध्वनिमुद्रणात उतरली ती गाण्यासारखी पदे, ज्यांना प्रेक्षक 'वन्स मोअर' देत ती. त्यातही सौभद्राचे पारडे जड आहे. शाकुंतलातली 'पंचतुंड नररुंडमालधर' ही नांदी मात्र तुम्हाला ठिकठिकाणी भेटेल, कारण ती नाटकाच्या कुंपणाबाहेर पडली. संगीत नाटकाच्या महोत्सवाची सुरुवात आजही बहुधा तिनेच होते.

नवख्याने सौभद्रातल्या या पदांपासून सुरुवात करावी : 'राधाधर मधुमिलिंद जय जय', 'पांडुनृपति जनक जया', 'वद जाऊं कुणाला शरण', 'नच सुंदरि करूं कोपा', 'प्रिये पहा', 'बलसागर तुम्ही वीरशिरोमणी', 'कोण तुजसम सांग मज गुरुराया', 'बहुत दिन नच भेटलों', 'अरसिक किती हा शेला', 'नभ मेघांनी आक्रमिले', 'पावना वामना या मना'. यांतल्या एकेका पदाची अनेक मुद्रणे सापडतील आणि तुमचा हात बसेल. रामराज्यवियोगाला शेवटी हात घाला, आणि फार आशा धरू नका.

३. शोधताना शब्द सगळ्या तऱ्हांनी लिहून बघा

ही पायरी छोटी, पण वेळ वाचवणारी. 'सुंदरि' आणि 'सुंदरी', 'करूं', 'करू' आणि 'करुं', 'राधाधर मधुमिलिंद' आणि 'राधाधरमधुमिलिंद' ही संगणकाच्या लेखी वेगळी पदे आहेत. अनुस्वार देऊन आणि काढून, ऱ्हस्व-दीर्घ बदलून, समास जोडून आणि तोडून शोधा. मग रोमन लिपीत शोधा, कारण लेबलावर मजकूर बहुधा रोमनमध्ये असे आणि तो बसवणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही. 'च' आणि 'छ', 'व' आणि 'ब' यांची अदलाबदल गृहीतच धरा.

गायकाच्या नावाआधी 'मास्टर', 'मिस', 'बाई', 'प्रोफेसर' अशा पदव्या लागलेल्या असतात. त्या लावून आणि काढूनही बघा. कृष्णराव फुलंब्रीकर 'मास्टर कृष्णराव' म्हणून भेटतात, दीनानाथ मंगेशकर 'मास्टर दीनानाथ' म्हणून. बालगंधर्व कधी बालगंधर्व असतात, कधी नारायणराव राजहंस.

नुसते 'किर्लोस्कर' टाकलेत तर पाण्याचे पंप निघतील.

४. कर्ता कोण, हे तबकडीला विचारू नका

इथे जरा थांबू, कारण नव्वद टक्के गोंधळ या पायरीवर होतो.

जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर साधारण काय छापलेले असते? कंपनी, गायक, पदाचे पहिले शब्द, नाटकाचे नाव, कधी राग आणि ताल. पद कुणी लिहिले ते बहुधा नसतेच. ज्याने पद रचले त्याचा लेबलावर पत्ता नाही, आणि आपण शोधायला निघालो आहोत त्यालाच! म्हणून लेबलावरून फक्त नाटक घ्यायचे आणि कर्ता पुस्तकावरून ठरवायचा.

चार सापळे सांगतो.

पहिला सापळा माझ्या फजितीचा. कृष्ण आणि रुक्मिणी दोन नाटकांत आहेत. 'सौभद्र' किर्लोस्करांचे, १८८२चे. 'स्वयंवर' कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, १९१६चे. 'नच सुंदरि' आणि 'प्रिये पहा' सौभद्रातली. 'नाथ हा माझा' आणि 'स्वकुलतारकसुता' स्वयंवरातली. दोन्ही नाटके बालगंधर्वांच्या मंडळीने केली, त्यामुळे एका सीडीवर ती शेजारी शेजारी येतात आणि पुढे कुणीतरी सगळीच एका नावावर घालतो.

दुसरा सापळा मंडळीच्या नावाचा. 'किर्लोस्कर नाटक मंडळी' असे कुठे दिसले की पद अण्णासाहेबांचे, असा समज करून घेऊ नका. अण्णासाहेबांच्या मागे मंडळी कित्येक वर्षे चालली. तिने गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' केले (१८९९), श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'वीरतनय' केले (१८९६), खाडिलकरांचे 'मानापमान'ही १९११ मध्ये तिनेच रंगभूमीवर आणले. बालगंधर्व १९०५ साली याच मंडळीत आले, आणि १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे 'किर्लोस्कर' हे कधी माणसाचे नाव, कधी संस्थेचे.

तिसरा सापळा इंटरनेटचा. एका ठिकाणी कर्त्याचे नाव चुकीचे पडले की तीच ओळ चाळीस ठिकाणी उतरते. मग 'सगळीकडे असंच लिहिलंय' हा पुरावा होऊन बसतो. देवलांची पदे किर्लोस्करांच्या नावावर आणि किर्लोस्करांची देवलांच्या नावावर अशी उलटापालट मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे. देवल हे अण्णासाहेबांचेच शिष्य, त्यामुळे शैलीवरून ओळखीन म्हणाल तर फसाल. पुस्तक उघडा.

चौथा सापळा 'मूळ चालीत' या शब्दांचा. कित्येक मुद्रणांच्या माहितीत तसे लिहिलेले असते. गाणाऱ्याने आपल्या गुरूकडून जसे घेतले तसे गायले, इतकाच त्याचा अर्थ घ्या. १८८२ आणि तुमच्या हातातली तबकडी यांच्यामध्ये चाळीस-पन्नास वर्षांची नटांची रांग उभी आहे. प्रत्येकाने आपापली हरकत, म्हणजे सुरांची छोटी कलाकुसर, घालून पद पुढे दिले.

५. ऐका, आणि हातात पुस्तक धरून ऐका

आता खरी मजा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास मावतात, बारा इंचीवर साधारण चार-साडेचार. ज्या रंगभूमीवर एकेक पद वन्स मोअर घेत घेत अर्धा अर्धा तास चाले, तिथल्या गायकाला सांगायचे की तीन मिनिटांत उरक. त्याने काय काढले आणि काय ठेवले, ते ऐकण्यासारखे असते.

पुस्तक समोर ठेवा आणि गायलेल्या ओळींवर पेन्सिलने खूण करत जा. कितीदा तरी एखादा अंतरा गळालेला दिसेल, आणि वाचलेली जागा तानांना दिलेली. कुठे ध्रुवपद चार वेळा येते आणि कथेचा धागा असलेली ओळ नाहीशी होते. 'वद जाऊं कुणाला शरण' ही नाटकात सुभद्रेची कोंडी आहे. भाऊ एकीकडे लग्न ठरवतोय, मन दुसरीकडे गुंतलेले. तबकडीवर मात्र ते बहुधा निव्वळ करुण गाणे होते, कारण पुढच्यामागच्या साक्या-दिंड्या कापल्या गेलेल्या असतात. माझे मत विचाराल तर किर्लोस्कर गीतकार म्हणून थोर आहेत ते याच कापलेल्या भागात. बोलता बोलता पात्र गाऊ लागते आणि गाता गाता पुन्हा बोलू लागते, तो सांधा कुठल्याच तबकडीत नाही. तो पुस्तकातच वाचावा लागतो.

मुद्रणाचा काळ कानाने ओळखायलाही शिका. १९२५च्या आधीची मुद्रणे कर्ण्यात तोंड घालून गायलेली आहेत. आवाज पुढे, साथ कुठेतरी मागे, तबला जवळजवळ डब्यासारखा. विजेवरचे ध्वनिमुद्रण जगात १९२५ला सुरू झाले आणि लवकरच इकडेही आले. त्यानंतरच्या तबकड्यांत ऑर्गनचा भरणा आणि सारंगीचा ओढ स्पष्ट लागतो. फार जुन्या काही रेकॉर्डींच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचे नाव पुकारते. ते ऐकले की अंगावर काटा येतो. लिहून ठेवा, ओळख पटवायला त्याहून पक्का पुरावा नाही.

आता ट्यूनरचे काम. '७८' हा आकडा जुन्या काळात कुणी फार काटेकोरपणे पाळला नाही. तबकडी मूळ ७४ला कोरलेली आणि तुम्ही ७८ला वाजवलीत तर गाणारा जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतो आणि पोरसवदा वाटू लागतो. बालगंधर्वांच्या आवाजाबद्दल 'हे तर बाईचंच वाटतं' असे म्हणणाऱ्यांनी पुष्कळदा भलत्या वेगाची रेकॉर्ड ऐकलेली असते. साथीला ऑर्गन असेल तर त्याच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे षड्ज, म्हणजे गाणाऱ्याचा 'सा', दोन पट्ट्यांच्या मधे अडकल्यासारखा आला की वेगावर संशय घ्या. त्याच गायकाच्या त्याच काळातल्या चार-पाच तबकड्या ओळीने लावून सूर पाहिला तर अंदाज पक्का होतो.

६. पिढ्या वेगळ्या ठेवा

वहीत 'गायक' असा एकच रकाना केलात तर सगळी खिचडी होईल. मी तीन भाग केले.

पहिल्या भागात रंगभूमीवर ती भूमिका प्रत्यक्ष करणारे आणि त्याच काळात तबकडीवर गाणारे : बालगंधर्व (१८८८–१९६७), केशवराव भोसले (१८९०–१९२१), सवाई गंधर्व, मास्टर कृष्णराव, दीनानाथ. दुसऱ्या भागात त्यानंतरची माणसे. छोटा गंधर्वांचा सौभद्रातला कृष्ण अजून लोकांच्या तोंडी आहे. हिराबाई बडोदेकरांनी विसाच्या दशकाच्या अखेरीस स्वतःची मंडळी काढली आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करायची वाट रुंद केली. पुरुषाच्या गळ्यातली सुभद्रा ऐकून झाल्यावर बाईच्या गळ्यातली ऐकली की तेच शब्द वेगळे लागतात. तिसऱ्या भागात आकाशवाणी, एलपी, कॅसेट आणि सीडीच्या काळातले गायक. इथे पदे स्वच्छ ऐकू येतात, शब्द नीट कळतात, पण नाटक बरेच मागे पडलेले असते. आता ती मैफलीतली नाट्यगीते झालेली असतात.

नवख्याने ऐकायला सुरुवात तिसऱ्या भागापासून करावी आणि मागे मागे जावे. खरखर सोसायची सवय कानाला हळूहळू लागते. पहिल्याच दिवशी १९१०च्या आसपासची तबकडी लावलीत तर घरचे लोक दार लावून घेतील.

७. तबकडी विकत घेणार असाल तर

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, आणि गावोगावचे भंगारवाले. दुकानदाराला नाट्यसंगीत म्हणून मागू नका, भाव चढतो. 'जुन्या मराठी' म्हणा आणि गठ्ठा स्वतः चाळा.

तबकडी उजेडात तिरपी धरा. खाचा काळ्या चकचकीत हव्यात. राखाडी पडल्या असतील तर बोथट पिनांनी ती किसून काढलेली आहे. काठावर हलकी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी केसाइतकी चीर आहे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात भिंगाने पाहिलेत तर कोरलेला किंवा उठवलेला क्रमांक दिसेल. तो मॅट्रिक्स क्रमांक. लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या विक्रीसाठी असतो; मॅट्रिक्स क्रमांक त्या विशिष्ट मुद्रणाचा. एकाच गायकाने एकच पद दोनदा मुद्रित केले असेल तर ते इथेच कळते. म्हणून दोन्ही क्रमांक उतरवा. एचएमव्हीच्या मराठी तबकड्यांत 'पी' अक्षराचे क्रमांक आधीचे आणि 'एन'चे नंतरचे, एवढे लक्षात ठेवले तरी काळाचा ढोबळ अंदाज येतो. ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया या कंपन्यांची लेबलेही सोडू नका.

साफ करताना स्पिरिट अजिबात वापरू नका. या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एका उत्साही मित्राने सॅनिटायझरने पुसून एक चांगली रेकॉर्ड माझ्या डोळ्यांदेखत घालवली. शुद्ध पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश. लेबल कोरडे ठेवायचे आणि तबकडी उभी करून वाळवायची.

चावीच्या फोनोवर वाजवणार असाल तर दर बाजूला नवी पिन. पिनेला कंजुषी केली की खाच झिजते. त्या फोनोवर प्लास्टिकची एलपी चुकूनही लावू नका. विजेच्या यंत्रावर ७८साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते, साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही.

८. संगणकावर उतरवून घेणे

घरच्या यंत्राला ७८चा वेग नसेल तरी अडत नाही. सुई बदला, ४५च्या वेगावर वाजवून मुद्रित करा आणि मग ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ७३.३ टक्के वाढवा. वेग आणि सूर एकत्र वाढायला हवेत. फक्त लय वाढवणारा पर्याय निवडलात तर गाणे विचित्र होईल. पाचव्या पायरीत सांगितलेली सुराची दुरुस्तीही इथेच करायची.

पहिली फाइल आहे तशी, खरखरीसह, डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारांत ठेवा. साफसफाई तिच्या प्रतीवर करा. खरखर काढण्याच्या नादात मी सुरुवातीला ऑर्गनचा वरचा पट्टा आणि गायकाचे 'स', 'श' सगळे पुसून टाकले होते. गाणे रजईखालून आल्यासारखे झाले. मूळ फाइल होती म्हणून निभावले.

फाइलला नाव देताना पद, नाटक, गायक, कंपनी आणि क्रमांक एवढे तरी घाला. 'नवीन ध्वनी १४' नावाची फाइल वर्षाने उघडून बघा म्हणजे कळेल.

९. इतरांना ऐकवण्याआधी

हक्कांचे दोन थर आहेत आणि ते निरनिराळे मोजायचे. पदाच्या शब्दांवर भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तेव्हा शब्द कधीच मोकळे झाले. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे. १९३०–४०च्या तबकड्या त्यामुळे मोकळ्या आहेत, पण १९८०ची कॅसेट किंवा गेल्या दहा वर्षांतली सीडी नाही. पद शंभर वर्षांपूर्वीचे आहे म्हणून मुद्रणही मोकळे, असे धरून चालणाऱ्यांचे व्हिडिओ नेमके गणपतीच्या आदल्या रात्री गायब होतात. खासगी मैफलींच्या टेपांचे प्रकरण आणखी वेगळे. त्या गायकाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही चढवू नका.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांसाठी कार्यक्रम करणाऱ्यांनी तिथला हिशेब वेगळा धरावा. १९२३ ते १९४६ मधल्या प्रकाशित ध्वनिमुद्रणांना तिथे शंभर वर्षांचे संरक्षण आहे. १९३०ची तबकडी तिथे २०३१ उजाडल्यावर मोकळी होईल.

१०. वहीचे रकाने

शेवटी माझ्या वहीचा साचा देतो, तसाच उचला : पदाची पहिली ओळ (पुस्तकातल्या शुद्धलेखनात) / नाटक व अंक / पात्र / छापलेली चाल / गायक / कंपनी / लेबल क्रमांक / मॅट्रिक्स क्रमांक / लेबलावरचा राग-ताल / गायलेल्या ओळी / लांबी / कुठे ऐकले / तारीख.

शेवटच्या दोन रकान्यांचा कंटाळा करू नका. आज ऐकलेला दुवा सहा महिन्यांनी सापडेलच असे नाही. आणि एक रकाना पेन्सिलीचा ठेवा, 'कुणी सांगितले' म्हणून. माझ्या वहीत तिथे पहिल्याच पानावर 'पहिल्या रांगेतले आजोबा' असे लिहिलेले आहे. आता दर वर्षी कार्यक्रमाची यादी आधी त्यांच्या घरी जाते. गेल्या खेपेस दोन ठिकाणी लाल शाईने खुणा होऊन परत आली.